काळी ताडपत्री आणि उजेडमामा

अन्याय तिजीबाईवर झाला. गेल्या वर्षीच्या मे महिन्यातल्या दुसऱ्या बुधवारी, दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी, धडगावात, एका कचेरीसमोर घातलेल्या धरण्याच्या मांडवात ती बसल्या जागी कलंडली. वेळ मला पक्की ठाऊक आहे, कारण त्याच मिनिटाला मी फोनवर एका वार्ताहराला सांगत होते की धरण्याचा तिसरा दिवस आणि बायकांचा उत्साह तसूभरही कमी झालेला नाही. पत्रक लिहिताना अन्याय करणाऱ्याचं नाव आम्ही पहिल्या परिच्छेदातच घालतो, म्हणून इथेही घालते. अन्याय मी केला. मांडवाची ताडपत्री मी निवडली होती. ती काळी होती.

ती घेऊ नकोस असं मला एका माणसाने आधी सांगितलं होतं. हा लेख त्या माणसाबद्दल आहे.

त्यांचं खरं नाव आमच्या गावात कुणी घेत नसे. प्रकाशा या तापीकाठच्या गावी, मंदिराकडे वळायच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला त्यांचं ताडपत्र्या शिवायचं दुकान होतं, आणि सगळा तापीकाठ त्यांना उजेडमामा म्हणायचा. कारण साधं होतं. ताडपत्री नवी असो की जुनी, मामा ती दोन्ही हातांनी सूर्यासमोर धरत, स्वतःचं डोकं तिच्यात खुपसत आणि आतून ओरडत, "उजेड देख, उजेड!" आपणही डोकं आत घालायचं. काळोखात एखादी चांदणी चमकली की तिथे खडूची फुली. एकेका जुन्या ताडपत्रीत आकाशगंगा असे. मामा ती फुलीफुलीने बुजवत बसत. चष्मा नाही, टोपी नाही. डॉक्टरांनी सूर्याकडे बघू नका म्हणून बजावलं तेव्हा मामा त्यांनाच म्हणाले होते, "मंग छेद काय अंधारामा देखू?"

पण लोक त्यांना खरे वैतागत ते दुसऱ्या एका सवयीमुळे. दुकानामागच्या मोकळ्या जागेत त्यांनी चार बांबू कायमचे रोवले होते. तुम्ही ताडपत्री पसंत केली की मामा ती त्या बांबूंना बांधत, खाली एक रिकामं प्लास्टिकचं कॅरेट ठेवत आणि म्हणत, "पहिले बठ, मंग बोल." शेजारच्या टपरीवरून चहा यायचा. तो संपेपर्यंत भर उन्हात त्या ताडपत्रीखाली बसायचं. चहा सावकाश प्यायचा, ही अट. मध्येच उठलात तर ताडपत्री मिळणार नाही.

"मामा, माले कापूस झाकना शे, मले नही!" एकदा एक शेतकरी पिसाळून म्हणाला.

"कापूसले तोंड नही शे. तुले शे. बठ."

तो बसला. सगळेच बसत. माझे वडील केळी आणि कापूस करतात, गुजर घर आमचं, तोंडाने फटकळ, पण तेही बसत. मी लहान असताना कधीकधी ते मला बरोबर नेत आणि स्वतः सावलीत उभे राहून मला त्या कॅरेटवर बसवत. मामांना ही चलाखी आवडायची नाही, पण माझी साक्ष ते मानत. "काय लागस, माय?" ते विचारत. "डोकं," मी म्हणे. "वरथीन का खालथीन?" असा उलटतपास. मी टाळूवर हात ठेवला की ताडपत्री सुटली, दुसरी चढली. एका दुपारी मी चार ताडपत्र्या नापास केल्या. 

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी काय केलं ते आता लिहिते.

तिजीबाईच्या पाड्यावरचा हापसा बंद पडला होता. पाणी नाल्यातल्या झिऱ्यातून. बायका वाटीने भरायच्या, हंडा डोक्यावर घेऊन कडा चढायच्या, आणि मे उजाडला की झिराही आटून माणसाकडे बघून हसायचा. तीन अर्ज टपालाने पाठवले होते. उत्तर नाही. शेवटी ठरलं की कचेरीसमोर जाऊन बसायचं. तिथून तोंडी निरोप आला, "साहेब पुढच्या सोमवारी येतील. धरणं चालू असेल तर उत्तर लेखी, जागेवर देतील. उठलात तर पुन्हा टपालाने पाठवा." म्हणजे आठ दिवस. आठ दिवस बसून राहिलो तर कागद हातात. मध्येच उठलो तर आणखी एक उन्हाळा वाटीने पाणी. एवढाच हिशेब होता आणि तो तेवीस बायकांना माझ्यापेक्षा चांगला कळत होता.

सामान आणायचं काम माझ्याकडे. मी प्रकाशाला गेले. मामांशी मी लहानपणापासून अहिराणीत बोलायची. त्या दिवशी मुद्दाम शुद्ध मराठीत बोलले, कारण मी आता कार्यकर्ती होते आणि घाईत होते.

"काळी हवी, मामा. जाड. पाणी अजिबात झिरपणार नाही अशी. अवकाळीचा अंदाज आहे."

"खाले कितला मानसे बठतीन?"

"पंचवीसेक बायका. आठ दिवस."

मामांनी सुई थांबवली. "मंग काळी काबर?"

"पांढरी अक्षरं उठून दिसतात. 'पाणी मिळेपर्यंत उठणार नाही' असं रंगवणार आहोत. उतरती बांधली की रस्त्यावरून वाचता येतं. फोटोत येतं."

"वाचता येस?" मामा म्हणाले. "ताडपत्रीनी पाठ कोन वाची? घार?"

दुकानात बसलेले दोघेजण हसले. मला राग आला. मामांनी गुंडाळी खांद्यावर घेतली होती, ते मागे बांबूंकडे निघाले होते. "चाल, बठ. चहा सांगस मी."

"मला वेळ नाही. शहाद्याहून जीप सुटेल."

"तुन्हा बाप बठे. तूबी बठे."

"मामा, मला सावलीवर भाषण नकोय. ताडपत्री हवीय."

मामांनी गुंडाळी होती तिथे ठेवली. आवाज अजिबात चढवला नाही. "मंग मन्हाकडे भेटाव नही."

काळी ताडपत्री मी दुसरीकडून घेतली. तिथे कुणी बसायला सांगितलं नाही. उलट बांधूनही दिली.

ती दिसायला झक्क होती, हे मान्य करते. सोमवारी सकाळी अक्षरं रंगवून ती चढवली तेव्हा रस्त्यावरच्या जीप थांबून लोक वाचत होते. मजकूर रस्त्याकडे तोंड करून दिसावा म्हणून आम्ही ती समोरून छातीपर्यंत खाली ओढली, आणि वाऱ्याने फडफडून अक्षरं हलू नयेत म्हणून बाकीच्या दोन बाजूंनाही ताणून बांधली. वाऱ्याला वाट राहिली फक्त मागून, आणि मागे कचेरीची भिंत. त्या मांडवाचा फोटो तीन ठिकाणी छापून आला. एकाही फोटोत आतल्या बायका दिसत नाहीत.

बायका तक्रार करत नव्हत्या. डोंगरातल्या बायका उन्हाची तक्रार करत नाहीत, असं आम्ही कार्यकर्ते एकमेकांना सांगतो. किती सोयीचं वाक्य आहे बघा. सकाळी मी आत बसून घोषणा देत होते, संध्याकाळी आत बसून बैठक घेत होते. बारा ते चार मात्र मी समोरच्या लिंबाखाली असायची, कारण फोनला रेंज फक्त तिथेच यायची. हे खरं आहे. रेंज खरंच तिथेच यायची.

बुधवारी तिजीबाई पडली. अंग तापलेलं, कोरडं, घामाचा पत्ता नाही. कुणीतरी पाणी पाजायला लागलं तर ते ओठांवरून ओघळून गेलं. दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं, पंख्याखाली ओल्या कपड्यात गुंडाळून ठेवलं. डॉक्टर मला म्हणाले, "आणखी अर्धा तास आत राहिली असती तर मी काही सांगू शकलो नसतो." संध्याकाळी ती डोळे उघडून बघायला लागली. पण तिच्या मुलाने माझ्याकडे न बघता सांगितलं की उठता आलं की तिला घरी नेणार. त्याच संध्याकाळी तेरा बायका निघून गेल्या. मी एकीलाही थांबवलं नाही. कोणत्या तोंडाने थांबवणार? उरल्या नऊ. सोमवार पाच दिवसांवर.

गुरुवारी पहाटेच्या जीपने मी ती काळी ताडपत्री गुंडाळून खाली उतरले. मला वाटत होतं, मामा तिला बाजूला दोनचार खिडक्या कापून देतील आणि भागेल. दुकानाशी पोचले तेव्हा मामा मशीनवर होते. मी शुद्ध मराठी घाटातच टाकून आले होते.

"मामा, मन्हं चुकनं."

त्यांनी मान वर केली. "कोन पडनं?"

"तिजीबाई म्हणून शे एक."

"जित्ती शे ना?"

"शे. सलाईन लायेल शे."

"मंग चाल," मामा म्हणाले. "तठे जशी बांधेल व्हती तशीच बांध आठे."

मी बांधली. समोरून छातीइतकी खाली, दोन बाजूंनी ताणून. मामांनी मागच्या बाजूला दुकानातलं एक जुनं दार आणून आडवं उभं केलं. ती कचेरीची भिंत. मामांनी मुद्दाम दुपारचा एक वाजू दिला. कॅरेट ठेवलं. चहा आला. मी वाकून आत शिरले आणि बसले.

पहिल्या घोटाला काही वाटलं नाही. दुसऱ्या घोटाला प्लास्टिकचा वास घशात उतरला. मग डोक्यावर कुणीतरी तापलेला तवा पालथा धरल्यासारखं व्हायला लागलं, आणि तो तवा खाली खाली येत होता. ऊन कुठेच नव्हतं. आत गच्च अंधार होता, एक चांदणी नव्हती, आणि मी भाजत होते. कानशिलं ठणकायला लागली. हातातला चहा मला गार लागायला लागला, तेव्हा मी घाबरले. पेला अर्धा होता. मी रांगत बाहेर आले.

मामा समोरच उभे होते. "कितला सरना?"

"अर्धा."

"आनि ती बाई कितला येळ बठनी?"

मी म्हणाले, "अडीच दिन."

 मामांनी पेला माझ्या हातातून घेतला, उरलेला चहा मातीत ओतला आणि आत गेले. त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. मी इतक्या लोकांना इतकं सुनावलं आहे, की सुनावून घेणं मला सोपं गेलं असतं.

थोड्या वेळाने आतूनच हाक आली, "वारा कथाईन येस तठे?" मी सांगितलं, पश्चिमेकडून, नाल्याच्या अंगाने. "मंग ती बाजू उंच. माणूस उभा ऱ्हाई इतली. भित्तडाकडे उतार." आणि मग त्यांनी ताडपत्र्या काढायला सुरुवात केली.

निळी काढली आणि लगेच ठेवून दिली. "हाई पन्नी शे. ऊन आरपार जास, आनि आठ दिनमा पापडनामायक तुटी जास." हिरवी जाळी मीच पुढे केली, नर्सरीवाले वापरतात म्हणून. मामा म्हणाले, "ऊन अर्ध, पानी पूर्ण. अवकाळी उना तर काय करशी?" शेवटी एक जाड ताडपत्री निघाली, एका अंगाने चंदेरी. मामांनी ती सूर्यासमोर धरली, डोकं आत घातलं. मीही घातलं. एकही चांदणी नव्हती. मग त्यांची तिसरी परीक्षा, पाण्याची. मधोमध झोळ सोडून त्यात दोन लोटे पाणी ओतायचं आणि आपली कामं करत राहायची. तासाभराने मामांनी खालून तळहात फिरवला, तो माझ्या गालाला लावला. कोरडा. शिवणीपाशी मात्र बोटाला ओल लागली. ती शिवण उसवून, पट्टी घालून, पुन्हा मारण्यात अर्धा तास गेला. मी घड्याळ बघत होते. मामा बघत नव्हते.

"चंदेरी बाजू वर," ते म्हणाले. "पन एकली नही चालाव. तीबी तापी. ऊन आडायनं म्हंजे सावली व्हयनी असं नही शे, माय. तिन्हा खाले आखो एक कपडा पाहिजे, सुती. आनि दोन्हीसना मधमा एक हात जागा. वाराले जाऊ दे मधमातीन."

"सुती जाड कपडा आते कथाईन आनू, मामा?"

मामा उठले, दुकानाच्या दर्शनी बाजूला गेले आणि त्यांच्या मशीनवर वर्षानुवर्षं ताणलेलं मळकं पांढरं कॅनव्हास त्यांनी सोडायला घेतलं. ठिगळांनी भरलेलं होतं ते.

"आनि तुमनावर?"

"दुसरं शे मन्हाकडे," मामा म्हणाले. मी पुढे विचारलं नाही.

शुक्रवारी सकाळी ते माझ्याबरोबर आले. मी या म्हटलं नव्हतं. सत्तरी उलटलेला माणूस शहाद्याहून धडगावच्या जीपमध्ये चौघांच्या जागेत सहावा होऊन बसला आणि घाटातल्या पहिल्याच वळणाला म्हणाला, "देख, ताडपत्री वरथे हवा खाई ऱ्हायनी, आनि आठे मन्हं लोनचं व्हई ऱ्हायनं." जीपवाला इतका हसला की मला भीती वाटली. दुसऱ्या वळणानंतर मामांचं हसणं बंद झालं आणि त्यांनी खिडकी गाठली.

पोचलो तेव्हा बारा वाजले होते. नऊ बायका कचेरीच्या भिंतीला चिकटून हातभर सावलीत बसल्या होत्या. ऊन सरकेल तशी ती पट्टी बारीक होत होती आणि बायका पाय पोटाशी ओढत होत्या. आम्ही मांडव बांधत असताना कचेरीच्या खिडकीतून एका कारकुनाने मला हाक मारली.

"ताई, धरणं उठलं ना? तशी नोंद करतो मग."

"उठलेलं नाही."

"मांडवात तर कुणीच दिसत नाही. भिंतीला बसलेले लोक म्हणजे धरणं नव्हे. एक वाजता मी वर फोन करणार आहे."

मी बायकांकडे बघितलं. मांडव तयार होता, चंदेरी पाठ उन्हात लखलखत होती, खाली हातभर अंतर सोडून मामांचं ठिगळांचं कॅनव्हास. पण एकही बाई उठेना. त्यांनी एक ताडपत्री बघितली होती. दुसऱ्या ताडपत्रीवर त्यांनी विश्वास का ठेवावा? मला भाषण करता आलं असतं. माझ्या तोंडाशी चांगली वाक्यंही आली होती. एक वाजायला आठ मिनिटं कमी होती.

मामांनी खिडकीकडे बघून हात वर केला. "मी बठस. लिखा मन्हं नाव."

"तुम्ही कोण? पाड्याचे आहात का?"

"मी ताडपत्रीवाला शे," मामा म्हणाले आणि मधोमध मांडी घालून बसले. आज ना चहा होता, ना कॅरेट. त्यांनी बायकांना हाताने खूण केली, की तुम्ही नका येऊ, बघा फक्त. त्यांना पावरी येत नव्हती, बायकांना अहिराणी येत नव्हती. बसलेला म्हातारा सगळ्यांना कळत होता.

पाच मिनिटं गेली. मी बांबूला धरून बाहेर उभी होते. मामा मान न वळवता म्हणाले, "तू काबर उभी?"

मी आत जाऊन बसले. त्या धरण्यात दुपारी एक वाजता मी पहिल्यांदा मांडवात बसले होते. वरून तवा उतरला नाही. दोन कापडांच्या मधून वारा सरसरत जाताना ऐकू येत होता. गरम होतं, मे महिना होता, पण ते सोसण्यासारखं गरम होतं. मामांनी डोळे मिटून घेतले होते आणि चेहरा वर केला होता. मला वाटलं, घाटाने थकले. मग ते म्हणाले, "कोपरामा एक छेद रही गया. मन्हा गालले लागी ऱ्हायना." मी वर पाहिलं, कॅनव्हासच्या एका ठिगळाशी खरंच सुईएवढा उजेड होता. तो तिरपा येऊन त्यांच्या गालावर पडला होता. तेव्हा मला कळलं नाही की मामांना तो उजेड डोळ्यांनी दिसलेलाच नव्हता.

बरोबर एक वाजता कारकून खिडकीत आला. आत आम्ही दोघे. त्याने बोटांनी आम्हाला मोजल्यासारखं केलं आणि तो हसला. त्या हसण्यानेच बहुधा काम केलं. तिजीबाईची नणंद भिंतीपासून उठली, मांडवाच्या कडेला आली, आत हात घालून हवा चाचपली, जशी आपण न्हाणीचं पाणी चाचपतो. मग ती वाकली, आत आली आणि मामांशेजारी बसली. तिने बाकीच्यांना पावरीत काहीतरी ओरडून सांगितलं. आठही जणी हसत आल्या. नंतर मी तिला विचारलं काय म्हणालीस. ती म्हणाली, "म्हटलं, म्हातारा अजून शिजला नाही, या."

मामा पूर्ण तासभर बसून मगच उठले. शनिवारी सकाळी ते खाली गेले. त्याच दुपारी वावटळ आणि मागोमाग गारांसकट अवकाळी आला. रस्त्यापलीकडच्या टपरीचे पत्रे उडाले. आमच्या मांडवाचं पाणी भिंतीकडच्या उताराने बायकांनी लावलेल्या हंड्यांत पडलं. त्या नऊजणी मांडवात बसून हंडे भरताना बघत होत्या. गेलेल्यांपैकी अकरा रविवारी परत आल्या.

सोमवारी साहेबांच्या आधी तिजीबाई आली. काठी टेकत, मुलाच्या मागून. अर्जावर पहिला अंगठा तिचा होता, कागद तिच्याच हातात पडायला हवा होता. ती मांडवात शिरली नाही. कडेला थांबली, कॅनव्हास दोन बोटांत धरून पाहिलं, वर मान करून दोन्ही कापडांमधली फट पाहिली. मग मोडक्या मराठीत मला विचारलं, "त्या दिशी तू कुठं बसलेली?"

मी पत्रकं लिहिते. शब्दांची मला कधी अडचण पडत नाही. मी म्हणाले, "लिंबाखाली."

"हां," तिजीबाई म्हणाली. आणि आत जाऊन बसली.

कागद मिळाला. हापसा पावसाआधी चालू झाला. त्या विजयावर मी पत्रक लिहिलं नाही. माझ्या साथीदारांना ते विचित्र वाटलं.

जूनच्या आधी मी मामांचं कॅनव्हास परत द्यायला गेले. मामा मशीनवर होते. वर काहीही नव्हतं. मशीनच्या दांड्याला एक छत्री बांधली होती, डोक्यावर ओला पंचा होता, आणि पाठ उन्हात होती. दुसरं कॅनव्हास त्यांच्याकडे नव्हतंच. तीन आठवडे ते तसे बसले होते.

"मामा, तुम्ही म्हटलं होतं दुसरं शे."

"तू इचारं का कथा शे म्हनी?"

नव्हतं विचारलं. मी ते कॅनव्हास वर बांधायला लागले तर त्यांनी दोरीचं टोक हवेत चाचपडलं. दोरी त्यांच्या नाकासमोर होती. मी ती त्यांच्या हातात दिली. "डोळा गयात मन्हा," ते अगदी साध्या आवाजात म्हणाले. "मधमा काळा डाग शे, कडेकडेनं दिसस. आते छेद गालवर शोधस मी." नेहमीच्या ग्राहकांना हे माहीत होतं. ते ताडपत्री नेत, मामा तिच्याखाली तोंड वर करून बसत, आणि बोट दाखवून सांगत, इथे आहे, इथे आहे. एकही चुकत नसे.

मामा यंदा होळीनंतर गेले. फार आजारी नव्हते. त्यांच्या तेराव्याला लोक लांबलांबून येणार होते, म्हणून दारासमोर मांडव घातला होता. वर एका कुठल्यातरी कार्यक्रमाचा जुना फ्लेक्स, त्यावर हात जोडलेले पाच चेहरे, आणि त्याची मागची बाजू काळी. मी तासभर आधी पोचले. कुणीच आत बसलेलं नव्हतं, खुर्च्या रांगेने मांडलेल्या होत्या. मी आत जाऊन बसले. बारा मिनिटांत कानशिलं ठणकली. मामांची मुलगी ओसरीवरून बघत होती. ती आली, माझ्याशेजारी बसली, थोडा वेळ थांबली, आणि उठून दोर सोडायला लागली. पाहुणे यायच्या आत आम्ही दोघींनी तो फ्लेक्स उतरवून मामांचं ठिगळांचं कॅनव्हास चढवलं होतं. 

आता तुमच्याशी बोलते. तुम्ही, जे हे वाचत आहात आणि या उन्हाळ्यात कुणासाठी तरी मांडव घालणार आहात. धरणं असेल, शिबिर असेल, लग्न असेल, कामावरच्या मजुरांची झोपडी असेल. व्यासपीठावर कूलर लावणारे तुम्ही, आणि लोकांना ऊन सोसतं असं एकमेकांना सांगणारे आम्ही. ताडपत्री कोणती घ्यायची, चंदेरी की पांढरी, एक की दोन, हे मी वर लिहिलं आहे, पण ते पाठ करू नका. ती बांधा. दुपारी एक वाजता, फोन बाहेर ठेवून, तिच्याखाली एकटे बसा. पूर्ण तासभर. त्या तासाच्या आधी एकाही माणसाला आत बोलावू नका. आणि तेवढा वेळ नसेल, तर मांडव घालू नका, लोकांना घरी राहू द्या. कारण नंतर एखादी तिजीबाई काठी टेकत येईल आणि तुम्हाला एकच गोष्ट विचारेल. तुमच्याकडे उत्तर असू द्या.